संधात्याच्या वर्गात मुली का नाहीत?

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीनंतर आमच्या बऱ्याच मुली आयटीआयला जातात. तिथे चौकशीला गेले तर शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी आणि कोपा, म्हणजे संगणकचालनाचे, वर्ग मुलींनी भरलेले दिसले. वीजतंत्रीला दोनच मुली होत्या, संधात्याला, म्हणजे वेल्डरला, एकही नव्हती. प्रत्येक व्यवसायात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मुली हुशार आहेत, कामाला कुठे मागे नाहीत. मग असं का होतं? त्यांना खरंच आवड नसते का?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, आवडीचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण मी तिथूनच सुरुवात करते. आवड निर्माण व्हायला आधी ओळख व्हावी लागते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी प्रवेशाचा अर्ज भरायला बसते, तेव्हा तिच्यासमोर व्यवसायांची यादी येते : जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, तारतंत्री, आरेखक, संधाता. कातारी नेमकं काय करतो, हे वर्गातल्या मुलांनाही धड सांगता येत नाही. तरी मुलगा गावातल्या गॅरेजपाशी, फॅब्रिकेशनच्या शेडपाशी, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कधीतरी रेंगाळलेला असतो. ‘ए, जरा पान्हा धर’ असं कोणीतरी त्याला म्हटलेलं असतं. मुलीला तिथे थांबायची मुभाच नसते. तिने पाहिलेल्या कमावत्या बायका म्हणजे शिक्षिका, अंगणवाडीताई, आशाताई, नर्स, पार्लर चालवणारी, ब्लाउज शिवून देणारी. अर्जात ती त्यांच्यातलंच काहीतरी मागते आणि आपण त्याला तिची आवड म्हणून मोकळे होतो. कधी न हाताळलेल्या गोष्टीची नावड आहे, असं तिच्या वतीने ठरवून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आता राखीव जागांबद्दल. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलं जाणारं. वीस जणांच्या तुकडीत मुलींच्या वाट्याला सहा जागा येतात. एखाद्या प्रवर्गात मुलगी मिळाली नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या मुलाला दिली जाते. प्रशिक्षणाची जागा वाया जाऊ नये, म्हणून हा नियम ठीकच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की मुली आल्या नाहीत तरी कोणाचंच काही अडत नाही. तुकडी भरते, यादी लागते, वर्ग सुरू होतो. सहाच्या सहा मुली का आल्या नाहीत, हे विचारायची पाळी कोणावर येत नाही. जागा राखून ठेवणं आणि त्या जागेपर्यंत मुलीला आणून पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम सरकारी निर्णयाने झालं. दुसरं कोणाचं, ते ठरलेलंच नाही.

नेहमी ऐकू येणारं एक कारण कालावधीचं आहे. कोपा, शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी हे एक वर्षाचे व्यवसाय. वीजतंत्री, जोडारी, कातारी दोन वर्षांचे. घरात मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असेल, तर एक वर्षाचंच पदरात पडेल असा हिशेब होतो, हे खरं आहे. पण संधाताही एकाच वर्षाचा आहे आणि तिथेच मुली सर्वांत कमी दिसतात. तेव्हा नुसत्या कालावधीने हे कोडं सुटत नाही.

अंतराचं कारण मात्र खरं आणि जड आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेतात-आणतात. या दोन्ही योजनांनी खेड्यातल्या मुलींचं शिक्षण टिकवलं, आणि तुम्ही शाळेत असल्यामुळे ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. पण गाड्यांच्या वेळा शाळेच्या घंटेवर बांधलेल्या असतात. आयटीआयचा दिवस प्रात्यक्षिकांमुळे लांबतो. कार्यशाळेतून बाहेर पडेपर्यंत सोयीची गाडी गेलेली असते आणि पुढच्या गाडीने घरी पोचेस्तोवर अंधार पडतो. आईवडिलांनी नकार द्यायला एवढं पुरतं. बरं, हा नकार अंधारातल्या रस्त्याला असतो. वेल्डिंगबद्दल घरात बोलणंही झालेलं नसतं.

मग येतं एकटीचं दुखणं. समजा, एखादी मुलगी हट्टाने जोडारीला, म्हणजे फिटरला, गेली. तुकडीत ती एकटीच. निदेशक पुरुष. कार्यशाळेच्या बाजूला मुलींचं स्वच्छतागृह नसतं. ते असतं कार्यालयाच्या इमारतीत. गट पाडताना तिला कोणत्या गटात घ्यायचं, यावर कुजबुज होते. निदेशक भले असले, तरी अवघड काम आलं की काळजीपोटी म्हणतात, ‘तू राहू दे, तू वहीत आकृती काढ.’ वर्षाअखेर तिची वही सर्वांत नेटकी असते आणि हात सर्वांत कमी बसलेला असतो. पुढच्या वर्षी तिच्या गावातून दुसरी कोणी जोडारीला येत नाही. म्हणून मला वाटतं, पाच व्यवसायांत एकेक मुलगी विखुरण्यापेक्षा एकाच तुकडीत सहा मुली एकदम जाव्यात. सहा जणी असल्या की डबा खायला सोबत असते, बसथांब्यावर सोबत असते, आणि ‘ती मुलगी’ असं कोणा एकीला म्हणता येत नाही.

मुळात मुलगी वेगळ्या वाटेला लागते कुठे, हे शोधायला थोडं मागे जावं लागेल. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, तेही मुलगे आणि मुली दोघांना, ही त्या काळी फार पुढची कल्पना होती. अभ्यासक्रम आखला डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने. पाचव्या इयत्तेपर्यंत अभ्यासक्रम जवळजवळ एकच, फक्त चौथी-पाचवीत मुलींच्या सामान्य विज्ञानात गृहविज्ञानाची भर. सहावी-सातवीत मात्र मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञानाचा पुढचा भाग घेण्याची मुभा ठेवली गेली. म्हणजे बारा ते चौदा या वयात, हत्यारावर हात बसायला लागतो नेमका तेव्हा, मुलीसाठी बाहेर पडायचं दार उघडं होतं. कोणी तिला हाकललं नव्हतं. सवलत म्हणूनच ते दिलं होतं. एवढ्या उदार मनाच्या आराखड्यातही ही फट राहिली, हे मला वारंवार आठवतं, कारण आपल्या शाळांत ती अजून बुजलेली नाही.

ही फट बुजवा, असं सांगणारे लोक नव्हते असं नाही. संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने साठच्या दशकात स्पष्टपणे मांडलं, की मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत लिंगावरून फरक नको; गृहविज्ञान शिकवायचं तर मुलग्यांनाही शिकवा. अहवाल झाला, चर्चा झाली. शाळांच्या वेळापत्रकात मात्र कार्यानुभवाच्या तासाला मुली भरतकाम करत राहिल्या आणि मुलं खडू बनवत राहिली.

उलट टोकाचं उदाहरण पाहायचं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पाहावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथल्या कोरडवाहू माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला आणि माध्यमिक मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचा. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की चारपैकी एक निवडा असं कोणाला सांगितलं जात नाही. प्रत्येकाने चारही करायचे. मुलगी वेल्डिंग करते, वायरिंग करते, रोपवाटिका सांभाळते. मुलगा स्वयंपाक करतो, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. शिकवायला पुष्कळदा परिसरातलेच कुशल कारागीर असतात, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडतं, म्हणजे शाळेचं फाटक किंवा घरातली वायरिंग. इथे मुलीला धीट व्हावं लागत नाही, वेगळं पडावं लागत नाही, घरी भांडावं लागत नाही. वेळापत्रकात आहे म्हणून ती करते. करून झाल्यावर जमतं की नाही, आवडतं की नाही, हे तिचं तिला कळतं. त्यानंतर तिने शिवणकाम निवडलं, तर ती खरी निवड.

म्हणून माझं ठाम मत असं आहे, की मुलींच्या सहभागाचा प्रश्न आयटीआयच्या प्रवेशखिडकीवर सोडवायला गेलं तर उशीर झालेला असतो. तो आठवीत सोडवावा लागतो, आणि ऐच्छिक विषय म्हणून ठेवला तर सुटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे म्हटले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहण्या-करण्यासाठी. एनसीईआरटीने सहावीपासून ‘कौशल बोध’ ही पुस्तकंही आणली आहेत. या दहा दिवसांत मुलींना मेंदीवालीकडे आणि मुलांना सुताराकडे पाठवलं, तर जुनीच फट नव्या नावाने उघडी राहील. वेळापत्रक लावणारे हात तुमचे आहेत बाई, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

गोष्ट प्रवेशापाशी संपतही नाही. दोन वर्षं शिकून मुलगी शिकाऊ उमेदवारीसाठी कारखान्यात जाते. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण त्यांत मुलगी घ्यायची की नाही, हे मालकावर असतं. मालक पूर्वी कायद्याकडे बोट दाखवत. १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायला मनाई केली होती. फिरत्या यंत्राची साफसफाई, तेलपाणी, जुळणीही तिला करू दिली जात नसे. हेतू संरक्षणाचा होता, पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात देखभालीच्या कामावर मुलगी न घ्यायला कारण मिळालं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीला वाट करून दिली. नव्या कामगार संहितेतही बाईची संमती आणि सुरक्षेची तजवीज असेल तर रात्रपाळी चालते. कायदा बदलला. वाहनाची सोय आणि पाळीवर दुसरी बाई असणं, एवढ्यावर आता पुष्कळसं अडतं.

तुमच्या हाती काय आहे, हेही सांगते. नववीच्या मुलींना, सगळ्या मुलींना, आयटीआयची कार्यशाळा चालू असताना घेऊन जा. सुट्टीत नको. यंत्रं चालू हवीत, ठिणग्या उडताना दिसायला हव्यात. निदेशकांना आधी भेटून प्रत्येकीच्या हातात कानस किंवा मल्टिमीटर द्यायला सांगा. आणि त्याच संस्थेतून बाहेर पडून नोकरी करणारी एखादी मुलगी तिथे बोलवा. तिचा पगार तिच्याच तोंडून ऐकू द्या.

प्रश्न : माझी मुलगी जोडारीला जायचं म्हणते. मी शेतकरी आहे, मुलीला शिकवायची माझी तयारी आहे. पण ही अंगमेहनतीची, धोक्याची कामं. तिच्या शरीराला झेपतील का?
– एक वडील, बीड जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. पहाटेच्या थंडीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई तुम्ही पाहिलेली आहे. तिच्या शरीराला झेपतं का, असं मुकादमाने कधी विचारलेलं नाही. बाईच्या अंगमेहनतीची आपल्याला अडचण नसते. त्या मेहनतीला हुन्नराचं नाव आणि हुन्नराचा दाम मिळायची वेळ आली, की मगच तिचं शरीर नाजूक ठरतं. तुम्ही तसं म्हणत नाही, हे पत्रातून कळतं. तुम्ही काळजीने विचारलंत, म्हणून नीट सांगते.

जोडारीचे पहिले आठवडे करवत आणि कानस यांचे. लोखंडी पट्टी शेगड्यात, म्हणजे बाकाच्या व्हाइसमध्ये, धरून मापात घासायची. हाताला फोड येतात, मुलांच्याही येतात आणि मुलींच्याही. पंधरवड्याने कळतं, की जोर खांद्यातून लावायचा आणि उभं कसं राहायचं. पुढे काम असतं मापाचं : व्हर्नियर, मायक्रोमीटर, आकृती वाचणं. मोठं वजन चेनपुली किंवा होइस्टने उचलतात. पुरुषानेही ते अंगावर उचलायचं नसतं, आणि जो उचलतो त्याची कंबर चाळिशीत बोलायला लागते.

धोका आहे, पण तो सर्वांना सारखा आहे. लेथवर ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी अजिबात चालत नाही, आणि ते योग्यच आहे. केस बांधून टोपीत, अंगात शर्ट-पँटचा गणवेश, पायात सेफ्टी शूज, डोळ्यांना चष्मा. शूज आणि हातमोजे मुलींच्या मापाचे आहेत का, हे आधी पाहून घ्या. ढिला हातमोजा हा खरा धोका असतो, आणि साठ्यात बहुतेक वेळा पुरुषांचीच मापं असतात.

एका गोड बोलण्यापासूनही सावध राहा. ‘मुलींचे हात नाजूक, म्हणून सोल्डरिंग आणि जुळणी त्यांना उत्तम जमते’ असं म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मुली घेतात आणि वर्षानुवर्षं जुळणीच्या पट्ट्यावरच ठेवतात. यंत्र बिघडलं की दुरुस्तीला मुलगाच येतो. बढती दुरुस्ती करणाऱ्याला मिळते. तुमच्या मुलीने जोडारी शिकली तर ती दुरुस्ती करणाऱ्यांत असेल. पुणे-चाकण पट्ट्यात मोटारसायकली आणि मोटारगाड्यांच्या जुळणीचे सबंध विभाग आज मुली चालवतात. १९७४ च्या सुमाराला याच पुण्यातल्या टेल्को या मोटार कंपनीच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं छापलेलं होतं आणि सुधा मूर्तींनी त्यावर जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं होतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न : मुलींनी यंत्रावर काम करणं ही आपल्याकडे अगदी नवीनच गोष्ट आहे ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळाच्या वर्षांत रमाबाईंनी तिथे शेकडो मुली आणि विधवा आणल्या. त्यांना केवळ आसरा देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, दूधदुभतं, विणकाम यांबरोबर त्यांनी छापखाना घातला, आणि त्यात खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंतची कामं बायका करत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात, याच बायकांच्या हातून छापून निघालं. शंभर वर्षांपूर्वीचा छापखाना म्हणजे शिसं, शाई आणि अवजड लोखंडी यंत्रं. नाजूकपणाचा तिथे संबंध नव्हता.

दुसरं उदाहरण जरा वेगळ्या कारणासाठी देते. पुण्याला १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केलं आणि हिंदू घरांतल्या बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवलं. परक्या पुरुषाची शुश्रूषा, स्पर्श, रात्रीची ड्युटी हे सगळं तेव्हाच्या पांढरपेशा समाजाला असह्य वाटे. आज नर्सिंग हे मुलींचंच क्षेत्र, असं आपण डोळे मिटून म्हणतो. टंकलेखनाचं तेच, संगणकाचं तेच. कचेरीतला कारकून एकेकाळी पुरुषच असे. आज तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये मुलींची गर्दी असते. तेव्हा ‘हे मुलींचं काम नाही’ असं कोणी म्हणालं, की मी इतकंच विचारते, कोणत्या सालापर्यंत?

पण काळाबरोबर हे आपोआप बदलतं असंही नाही. त्यासाठी जर्मनीकडे एकदा बघावं. तिथली कारखाना-शाळा जोड प्रशिक्षणपद्धत जगात नावाजलेली. पैसा आहे, बस आहे, स्वच्छतागृह आहे. तरी तिथेही मोटारदुरुस्तीला मुलगे आणि डॉक्टरांच्या सहायक किंवा कचेरीच्या कामाला मुली, हीच विभागणी आजवर ठळक आहे. २००१ पासून ते दरवर्षी एक दिवस मुलींना कारखाने आणि प्रयोगशाळा दाखवायला नेतात. सोयी लागतातच, पण सोयी झाल्या की निवड आपोआप बदलते, असं नाही.

प्रश्न : मग शिवणकाम शिकूच नये का? माझ्या आईने शिलाई मशीनवर आमचं घर चालवलं.
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. शिवणकाम हा पूर्ण हुन्नर आहे आणि तो कमी लेखणाऱ्याला मापाची बाही बसवता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याणाची योजना असो की एखाद्या संस्थेचं शिबिर, बाईचं नाव निघालं की शिलाई मशीन वाटलं जातं. एका गावात चाळीस जणी ब्लाउज शिवायला लागल्या, की शिलाईचा दर पडतो. म्हणून शिकायचंच तर पुढचं शीक. तुमचं सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध आहे. जुकीच्या शिलाई मशीनवर काम, पॅटर्न काढणं, कापणीचा हिशेब, गुणवत्ता तपासणी हे येत असेल तर तू कारखान्यात पर्यवेक्षक होऊ शकतेस. आणि मशीन बिघडलं तर ते दुरुस्त करायला शीक. त्या कामाला तुमच्या गावात सध्या कोण येतं, ते आठवून बघ.

प्रश्न : मला रेल्वेचं इंजिन चालवायचं आहे. सगळे हसतात. दहावीनंतर काय करू?
– इयत्ता नववी, मनमाड

उत्तर : साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या सहायक चालक झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. २०११ मध्ये महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन घाटातून मुंबईला आणली. २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत चालवली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. तुझ्यासाठी वाट अशी : दहावी, मग आयटीआयचा जोडारी, वीजतंत्री असा रेल्वेच्या यादीतला एखादा व्यवसाय किंवा अभियांत्रिकीची पदविका, आणि अठरा पूर्ण झाल्यावर सहायक लोको पायलटची परीक्षा. डोळ्यांची अट कडक आहे, चष्म्याशिवाय नजर ६/६ लागते. आत्ताच डोळे तपासून घे. गणिताकडे लक्ष दे. हसणाऱ्यांना अर्ज करायची मुदत कधी संपते तेही माहीत नसतं.

प्रश्न : मुलीला वीजतंत्रीला घालायचं नक्की केलं आहे. घरातली माणसं तयार झाली. प्रवेशाआधी आणि नंतर आम्ही काय काय पाहावं?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, वीजतंत्रीला विज्ञान आणि गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असावं लागतं. गुण थोडे कमी पडले तर तारतंत्रीचाही विचार करा, दोन्हींचं क्षेत्र जवळचं आहे. प्रवेश ऑनलाइन आणि गुणवत्तेवर होतात. पसंतीक्रम भरायला सायबर कॅफेतल्या माणसावर सोडू नका. ‘मुलगी आहे, कोपा टाकतो’ असं म्हणून त्याने क्रम बदलला, तर तो क्रम तिच्या दोन वर्षांवर बसतो. शेजारी बसून वाचून घ्या.

संस्था निवडताना एकदा स्वतः जाऊन या, कामाच्या दिवशी, दुपारनंतर. प्रात्यक्षिक खरंच चालतं का, की पोरं व्हरांड्यात बसलेली असतात? कार्यशाळेजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? याआधीच्या तुकड्यांत मुली होत्या का आणि त्या आता कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न निदेशकांना जरूर विचारा. चांगल्या निदेशकाला आपल्या जुन्या प्रशिक्षणार्थी मुलींची नावं, त्यांच्या कंपन्या तोंडपाठ असतात. परतीच्या एसटीची वेळ त्याच दिवशी बघून घ्या. वेळ जुळत नसेल, तर तालुक्याच्या आगारप्रमुखांना पाच-सहा पालकांनी मिळून अर्ज द्या. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा त्याला वजन येतं.

पहिल्या सत्रात मुलगी घरी आली, की आज काय शिकवलं याऐवजी आज हातांनी काय केलं, ते विचारा. तीन-चार आठवडे तिने फक्त वही लिहिल्याचं सांगितलं, तर गटनिदेशकांना भेटा. घरातला जळलेला फ्यूज, पंख्याचा कपॅसिटर, पंपाचा स्टार्टर तिला बघू द्या, अर्थात मेन स्विच बंद करून. शेजारीपाजारी तिला बोलवायला लागले, की तिचा सराव वाढतो आणि लोकांच्या नजरेलाही सवय होते.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. शिकाऊ उमेदवारी झाली की कारखान्यांत देखभालीचं काम मिळू शकतं. महावितरणमध्ये विद्युत सहायकाच्या भरतीला हाच व्यवसाय लागतो आणि त्यातही महिलांसाठी राखीव जागा असतात. खांबावर चढून काम करणाऱ्या महिला तंत्रज्ञ राज्यात आज आहेत. तारतंत्रीचा परवाना काढला तर वायरिंगच्या कामांची वाटही मोकळी होते. घरांच्या वायरिंगइतकंच छतावरच्या सौर पॅनेलचंही काम आता खेड्यांत निघतं. शिकायचंच असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. राज्य मंडळाच्या ठरावीक विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षताही मिळते. या परीक्षेचे अर्ज कधी निघतात, ते पहिल्याच वर्षी संस्थेत विचारून ठेवा. बऱ्याच मुलींना ही सोय आहे हे आयटीआय सोडताना कळतं, आणि तोवर त्या सत्राची तारीख निघून गेलेली असते.